प्राध्यापकाच्या खोलीतील वस्तू



मूळचे गोमंतकीय असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. त्याच काळात त्यांनी तराजू घेऊन प्राचीन आहत नाणी तोलायला सुरुवात केली. हातोहात फिरणारे नाणे झिजते. तेव्हा घटलेल्या वजनावरून ते किती काळ चलनात होते हे ठरवता येईल, असा त्यांचा विचार. तो पडताळण्यासाठी त्यांनी रोजच्या व्यवहारातली नाणीही तोलून पाहिली. वस्तू किती हातांतून गेली हे ती वस्तूच सांगते, हे मला त्यांच्याकडून कळले.

माझी मिळकत किरकोळ. निवृत्त होताना खोलीतली पुस्तके ग्रंथालयाला दिली. मानचिन्हांचे काय करावे हा प्रश्न इथल्या अनेकांना पडलेला असेल; तो मीही तसाच सोडला. घरी आणल्या त्या दोनच वस्तू.

पहिली, लोहखनिजाचा ढेकूळ. आकाराने लिंबाएवढा, पण हातात घेतला की दचकायला होते इतका जड. डिचोली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “सर, आमच्या शेतांत आतां हेंच पिकता.” पावसात खाणीवरची माती वाहून येई आणि शेत बुजे. पण तिच्या वडिलांचे दोन ट्रक त्याच खाणीवर होते आणि तिची फी त्यांच्या भाड्यातून येई. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा ट्रकांचे हप्ते राहिलेले होते, आणि शेत तर आधीच गेलेले. खाण असावी की नसावी, यावर मी पुष्कळ परिसंवाद ऐकले. तो ढेकूळ समोर असला की मला कुठल्याच बाजूने टाळी वाजवता येत नसे.

दुसरी वस्तू म्हणजे लाल कापडाची हातभर जीभ. पेडण्याचा एक मुलगा दशावतारात संकासूर करी. जत्रांच्या दिवसांत रात्रभर नाटक करून तो थेट वर्गात येई आणि सामानाचे बोचके माझ्या खोलीत ठेवी. आडदशावतारात वेद चोरणारा हा काळा संकासूर. इतर पात्रे भारदस्त मराठी बोलतात, हा मात्र गावच्या बोलीत सर्वांची फिरकी घेतो. आमचा मुलगा उत्तरपत्रिकेत राजासारखे लिही आणि खोलीत येऊन संकासुरासारखे बोले. मला त्याचे बोलणे अधिक आवडे. गुण मात्र लिहिण्याला द्यावे लागत. दोन्हींच्या मधले काही अभ्यासक्रमात नव्हते.

जाताना ती जीभ त्याने माझ्याकडेच ठेवली. आता तो शाळेत शिकवतो. जत्रा सुरू झाल्या की येऊन ती मागून नेतो, मे महिन्यात धुऊन परत आणतो. यंदाही नेली आहे. कपाटात तिच्या जागी सध्या काही नाही.