लहान शाळेचा हिशेब



आपल्या मध्य प्रदेशात १ जानेवारी १९९७ रोजी शिक्षण हमी योजना सुरू झाली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि आदिवासी वस्तीत २५, अन्यत्र ४० मुले असतील, तर पालकांच्या मागणीनंतर ९० दिवसांत शाळा देण्याचे शासनाने मान्य केले. स्थानिक गुरुजी अल्प मानधनावर शिकवू लागले. प्रतिविद्यार्थी खर्च कमी भरला, कौतुक झाले. परंतु ही काटकसर बरीचशी गुरुजींच्या पदरून होत होती, हे त्या आकड्यात दिसत नव्हते.

आज तोच आकडा लहान शाळांच्या विरोधात उभा केला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक लागतात. मुले ६० असोत वा २०, वेतन तेच. दरडोई खर्च मात्र तिप्पट दिसतो. मग २० मुलांची शाळा अपयशी म्हणावी काय? वस्तीत मुलेच २० असतील, तर पटनोंदणीच्या कसोटीला ती पूर्ण उतरली. ४० असतील, तर निम्मी कोठे गेली, हे विचारले पाहिजे. पट वस्तीशी ताडावा, हजेरी पटाशी ताडावी. आणि शाळा बंद केल्यास सर्वांत धाकट्या मुलाला किती चालावे लागेल, तेही खर्चाच्या रकान्यात मांडावे.

ज्या मुलाची शाळा सुटते, त्याचे नाव कोणत्याच पटावर उरत नाही. त्याच्यावरील खर्च शून्य भरतो. हे शून्य म्हणजे बचत नव्हे.