तालमीतील मुलांचे वजन व आरोग्य



समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब हे गाव घनसावंगी तालुक्यात आहे. बलोपासनेचे महत्त्व जालना जिल्ह्यास नव्याने सांगावयास नको. यात्रेतील कुस्त्यांचा फड पाहून प्राथमिक शाळेतील मुलगाही दंडबैठका काढू लागतो, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु वजन वाढले म्हणजे बल वाढले, हा समज मात्र तपासून घ्यावयास हवा. १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव ५७ किलो वजनगटात लढले होते.

अन्नातून रक्तात आलेली साखर स्नायूंत पोहोचविण्याचे कार्य इन्सुलिन करते. कष्ट करणारे स्नायू ती झपाट्याने वापरतात. म्हणून तालीम नियमित असेतोवर भारी खुराकही पुष्कळसा खर्ची पडतो. जपानमधील सुमो मल्लांची बरीचशी चरबी कातडीखाली असते. कठोर सरावामुळे पोटातील अवयवांभोवती ती तुलनेने कमी साठते. सराव सुटताच हे संरक्षण ओसरते.

आपल्याकडेही दुखापत, परीक्षा वा शेतीची कामे यांमुळे तालीम सुटते. दूध, तूप व बदाम यांची सवय मात्र सुटत नाही. मग पोटातील चरबी वाढते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तदाब चढतो आणि तरुणपणीच मधुमेह व हृदयविकार यांची वाट मोकळी होते. वरून धष्टपुष्ट दिसणाऱ्या मुलाच्या बाबतीत हा धोका कोणाच्या ध्यानीही येत नाही.

केवळ वजनाच्या काट्यावर विसंबता येत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे उंचीच्या मानाने वजन सारखेच होते, तथापि डॉ. युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के आढळली. ही तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली.

शिक्षकास एक सोपी कसोटी करता येईल. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घेऊन ती दुहेरी करावी. ही निम्मी लांबी कमरेभोवती पुरत नसेल, अथवा मानेमागील कातडी काळसर व जाडसर दिसत असेल, तर पालकांस विश्वासात घेऊन मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावयास सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्याच्याही निदर्शनास आणावे. सुतळीने रोगनिदान होत नाही; तपासणीची गरज तेवढी कळते.

हे माप चारचौघांत घेऊ नये, मुलास टोपणनावाने हिणवू नये आणि उपाशी ठेवण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. तालीम बंद पडली तर खुराक त्या मानाने कमी करावा. धावणे, सूर्यनमस्कार व मैदानी खेळ मात्र चालू ठेवावेत, एवढे पालकांस समजावून सांगितले तरी पुष्कळ कार्य होईल. मुलगा आज फड जिंको वा न जिंको, चाळिशीतही तो निरोगी राहावा, हीच शारीरिक शिक्षणाची खरी परीक्षा होय.