डोळे उघडलेलं सीताफळ

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



अध्यक्षताई म्हणाल्या, सीताफळावर पाच मिनिटं बोल. आता पाच मिनिटांत काय होणार? एक फळ बिया थुंकत नीट खायचं तरी तेवढा वेळ लागतो!

आपल्या बालाघाटच्या डोंगरात ही झाडं कुणी लावली नाहीत, कुणी त्यांना पाणी घातलं नाही. शेळी पाल्याला तोंड लावत नाही, म्हणून टिकली. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपण मात्र अजून पाटीभर फळं रस्त्यावर येईल त्या भावाला देऊन मोकळ्या होतो.

मला विचाराल तर गावरानच आवडतं. फळ लहान, बिया जास्त, पण गर दाणेदार. आई गव्हाच्या कोठीत पिकत घालायची आणि वास ओसरीवर यायचा. आम्ही लेकरं रोज कोठीत हात घालून दाबून बघायचो, त्यामुळं निम्मी फळं दाबूनच खराब व्हायची. बाळानगर आकारानं मोठं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी काढलेलं एनएमके-१ गोल्डन आणखी मोठं, बिया कमी आणि पिकल्यावर जरा जास्त टिकतं, म्हणून लांबच्या बाजाराला ते बरं. बंगळूरच्या संस्थेचं अर्का सहान इतकं गोड, की माझं तर अर्ध्यातच मन भरतं. धारूर-६ हा वाण तर आपल्याच धारूरच्या नावाचा. बांधावर नवं झाड लावायचं असेल तर कलम घ्या, नुसती बी टोचली तर फळ तसंच येईल याचा भरवसा नाही.

आता तोडणीचं. फळाचे डोळे उघडले, मधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या दिसल्या, की तोडायचं. त्याआधी तोडलेलं नीट पिकत नाही, दगडासारखं राहून काळं पडतं. दुसरी कुणी तोडून नेईल या भीतीनं आपण कच्चीच ओरबाडतो, खरं का नाही? आमच्या गटानं डोंगराच्या वाटा वाटून घेतल्या, तेव्हा ही घाई थांबली. तोडल्यावर मोठी, मधली, बारकी अशी वेगळी करायची. ढिगात मोठ्या फळालाही बारक्याचाच भाव मिळतो. आणि कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, काळं पडतं.

बारक्या फळांचा गर काढावा, असं आम्ही ठरवलं. पहिल्याच वर्षी फजिती झाली. घाईघाईत मिक्सरमधून फिरवलं, थोड्या बिया फुटल्या आणि सगळा गर कडू. आइस्क्रीमवाल्यानं डबे परत पाठवले. आठ किलो गर गेला, गटाचं कर्ज मात्र फेडावंच लागलं. दुसऱ्यांदा गर तापवून टिकवायला गेलो, तोही कडू झाला! आता हातानं चाळणीवर चोळतो, बी अख्खी बाजूला पडते आणि गर लगेच डीप फ्रीजरमध्ये जातो. किलोभर फळातून गर निम्म्याहून कमी निघतो, हे धरूनच भाव सांगा.

बियांचं एक ध्यानात ठेवा. उवांसाठी बियांची पूड डोक्याला लावतात. ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते. लेकरांच्या डोक्याला तर लावूच नका.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. सीताफळ येतं दसरा-दिवाळीच्या आसपास, आणि मुकादम उचल घेऊन दारात येतो तेही त्याच सुमाराला. हातात पैसा नसला की बाई मागंपुढं बघत नाही, जेवढी मिळेल तेवढी उचल घेते आणि मग कोयता खाली ठेवता येत नाही. मागल्या साली आमच्या गटातल्या एका ताईनं सीताफळाच्या पैशावर किराणा आणि लेकीची फी भागवली, उचल निम्मीच घेतली. ती गेली कारखान्यावर, नाही असं नाही. पण लेक आजीजवळ राहिली आणि तिची शाळा बुडली नाही.

यंदा प्रत्येक गटानं डोंगराच्या वाटा आधी ठरवा आणि क्रेटसाठी किती पैसे लागतील ते या बैठकीतच लिहून द्या.

मागं दोन पाट्या ठेवल्यात, एक गावरान, एक गोल्डन. चाखा आणि कोणतं आवडलं ते सांगा. बिया खाली टाकू नका, कागद अंथरलाय.