अडीच वाजता की साडेतीन? : डच भाषेतील मोजमाप



आमच्या महाविद्यालयातला एक जुना विद्यार्थी, पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पुढील शिक्षणासाठी हॉलंड देशातल्या वाखेनिंगेन या गावी गेला. तिथले कृषी विद्यापीठ मोठे नावाजलेले आहे. पहिल्याच आठवड्यात एका घरमालकाने भाड्याची खोली बघायला त्याला 'हाल्फ द्री' वाजता बोलावले. हाल्फ म्हणजे अर्धा, द्री म्हणजे तीन. गड्याने हिशेब केला साडेतीनचा. जाऊन बघतो तर खोली दुसऱ्याने घेतलेली! 'हाल्फ द्री' म्हणजे अडीच. पुढे पंधरा दिवस बिचारा मित्राच्या खोलीत जमिनीवर निजत होता.

त्याने मला हे फोनवर सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अरे, याचे उत्तर तुझ्या आजीच्या तोंडी होते." आता हे कसे, ते सांगतो. मीही हौसेने डच शिकणारा एक विद्यार्थीच आहे, तेव्हा आपण बरोबरीनेच शिकू.

आपला 'अडीच' हा शब्द संस्कृतातल्या 'अर्धतृतीय' या शब्दावरून प्राकृतातून आला. त्याचा अर्थ, तिसरा अर्धा. म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्यातला अर्धाच. डच माणूस घड्याळ बघताना नेमके हेच म्हणतो. तिसरा तास अर्धा झाला, हाल्फ द्री. 'दीड'चेही तसेच. त्याचे मूळ 'द्व्यर्ध', म्हणजे दुसरा अर्धा. डच भाषेत दीडला 'आंडरहाल्फ' म्हणतात आणि त्यातल्या 'आंडर'चा जुना अर्थ 'दुसरा' असाच आहे. इंग्रजीत दीडला असा एक सुटा शब्द नाही. डचमध्ये आहे, मराठीत आहे. दीड तास म्हणायचे तर 'आंडरहाल्फ ऊर'.

मात्र येथे एक खड्डा आहे, तो ध्यानात ठेवा. 'साडेतीन' म्हणताना आपण तीन मागे टाकून अर्धा पुढे मोजतो. डच माणूस घड्याळातला अर्धा तास सांगताना नेहमी पुढच्या तासाचे नाव घेतो. म्हणून साडेतीन म्हणजे 'हाल्फ फीर', अर्धा चौथा. शिवाय ही रीत घड्याळापुरतीच. अडीच किलो तांदूळ घ्यायला जाऊन 'हाल्फ द्री' म्हणाल तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. तिथे 'त्वे-अन्-हाल्व किलो' म्हणायचे, म्हणजे दोन आणि अर्धा.

आता बाजारात चला. 'किती' या आपल्या एका शब्दाला इंग्रजीत दोन शब्द लागतात. पाण्यासाठी एक, माणसांसाठी दुसरा. आपली मुले तिथे हमखास चुकतात. डचमध्ये एकच शब्द, 'हूफेल'. पाणी किती, माणसे किती, किंमत किती, सगळीकडे हूफेल. तसाच 'फेल' म्हणजे पुष्कळ. 'फेल वातर' म्हणजे पुष्कळ पाणी, 'फेल मेन्सन' म्हणजे पुष्कळ माणसे.

'दोन किलो तांदूळ' याला डच शब्द 'त्वे किलो रैस्त'. मध्ये 'चा-ची-चे' नाही, आपल्यासारखेच. किलो दोन झाले तरी किलोच राहतो. पण पेला बदलतो. 'एन ग्लास वातर' म्हणजे एक पेला पाणी आणि 'द्री ग्लाझन वातर' म्हणजे तीन पेले पाणी. आपणही 'तीन पेला पाणी' म्हणत नाही. जो नियम पाठ करायचा, तो जिभेवर आधीच बसलेला आहे.

आकड्यांचे बघा. पंचवीस म्हणजे आधी पाच, मग वीस. डचमध्ये 'फैफ-अन्-त्विंतख', पाच अन् वीस! गंमत अशी, की तिथला 'अन्' आपल्या गावाकडच्या 'अन्'सारखाच ऐकू येतो. 2019 साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढी चर्चा झाली ते आठवत असेल. लिहिताना दोन आधी आणि बोलताना एक आधी, यात लहान मूल गोंधळते, ही अडचण खरी आहे. नॉर्वे देशाने 1951 साली दशक आधी बोलण्याची रीत सरकारी निर्णयाने आणली, तरी जुनी रीत लोकांच्या बोलण्यात पुष्कळ वर्षे टिकली.

जुन्या मापांचीही अशीच चिवट कथा आहे. हॉलंडात 1820 साली मीटर-पद्धत आली, तेव्हा नव्या मापांना जुनीच नावे दिली गेली. आजही तिथल्या बाजारात 'पोंत' म्हणजे अर्धा किलो आणि 'ओन्स' म्हणजे 100 ग्रॅम. आपल्याकडे 1958 च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने आली. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. तो शेर गेला, पण तोळा राहिला. पूर्वी तो साडेअकरा ग्रॅमांहून थोडा अधिक होता, आज सराफ 10 ग्रॅमांनाच तोळा म्हणतो. नाव तेच, माप नवे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्गात एखादे मूल 'पाऊण', 'सव्वा', 'अधोली', 'पायली' म्हणाले, तर त्याला अडाणी समजून गप्प करू नका. ते शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येकासमोर आकडा मांडायला सांगा. इंग्रजी असो, डच असो, नवा शब्द आला की पहिल्याने विचारा, "बाळ, घरी हे कसे म्हणतात?"

आमच्या त्या विद्यार्थ्याला पुढे खोली मिळाली. घरमालकाने या खेपेस 'हाल्फ फैफ'ला बोलावले होते. गडी सव्वाचारलाच दारात उभा होता.