फुलांची नावे आणि घरच्या हाका

विक्रोळीच्या खाडीकाठी तिवराला चिमुकली पिवळी फुले येतात. पण मुलीचे नाव कोणी ‘तिवरा’ ठेवीत नाही. नुसते फूल पुरत नाही, नाव कानासही रुचावे लागते. वृक्षाचे वा नदीचे नाव असलेली कन्या मनुस्मृतीने विवाहास वर्ज्य सांगितली; तरी मराठी घरांनी बकुळा, केतकी, गोदावरी ही नावे आनंदाने ठेविली. स्त्रीनाम उच्चारास सुलभ, मंगल व दीर्घान्त असावे, ही त्याच स्मृतीची सूचना मात्र पाळली.

आत्याने कानात सांगितलेले नाव शाळेच्या पटावर राहते. जन्मभर ऐकू येते ती घरची हाक. मालतीची ‘मालू’ गोड लागते. बकुळेची ‘बकी’ तिला सलत राहते. म्हणून बारशापूर्वी नाव दारातून मोठ्याने हाकारून पाहावे. जाई-जुईंना तोडून लहान करण्याची सोयच नाही, हेच त्यांचे भाग्य!