भिंत सामाईक, झोप आपापली
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात राहणाऱ्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी सहाची गाडी पकडायची तर पाचला उठावे लागते आणि घरात डबा करणारीला त्याहीआधी. रात्री दहा-साडेदहाला पाठ टेकली, तरच सहा तास झोप पदरात पडते. नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावर कोणी कॉट सरकवते, शेजारच्या घरातली मालिका आपल्या उशाशी सुरू असते आणि खाली चौकात हळदीचा कार्यक्रम रंगात आलेला असतो. आपण कूस बदलतो, पंखा वाढवतो, कानावर उशी घेतो. असे सहा महिने सोसतो आणि मग एका रात्री तिरमिरीत उठून शेजाऱ्याचे दार वाजवतो. दुसऱ्या दिवशी आवाज तसाच राहतो, बोलणे मात्र बंद होते.

या विषयावर मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्याला त्रास देणारे आवाज दोन जातींचे असतात. एक घरातला आणि दुसरा ध्वनिक्षेपकातला. घरातल्या आवाजावर शेजारधर्माचे औषध चालते, ध्वनिक्षेपकाच्या आवाजावर कायद्याचे. आपण करतो नेमके उलटे. शेजारच्या मिक्सरसाठी पोलिसांची भाषा बोलतो आणि चौकात रचलेल्या स्पीकरच्या भिंतीपुढे ‘जाऊ द्या, वर्षातून एकदाच तर असतं’ म्हणून गप्प बसतो.

आधी घरातल्या आवाजाकडे पाहू. जुन्या चाळीत काही शांतता नव्हती. नळावरची भांडणे, पाटा-वरवंटा, रेडिओ, पोरांचा दंगा, सगळे होते. पण तिथे आवाज कोणाचा आणि कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असे. दारे दिवसभर उघडी असत. ‘आज त्यांच्याकडे पाहुणे आलेत’ एवढे कळले की आवाजाचा काच कमी होत असे. ब्लॉकमध्ये दारे बंद झाली. आता आवाज येतो, पण त्यामागचा माणूस दिसत नाही. मग आपण मनानेच त्याला मुद्दाम त्रास देणारा ठरवून टाकतो.

बांधकामाचाही यात वाटा आहे. दोन ब्लॉकमधली भिंत पुष्कळदा चार इंची विटांची असते आणि आपले छत म्हणजे वरच्यांची जमीन. आवाज दोन वाटांनी येतो. बोलणे, गाणे, टीव्ही यांचा आवाज हवेतून येतो आणि फटींतून शिरतो. खुर्ची ओढणे, कांडणे, मुलांचे उड्या मारणे यांचा आवाज स्लॅबमधून आणि खांबांतून प्रवास करतो. ज्या खोलीत खुर्ची ओढली जाते तिथे तो किरकोळ वाटतो, खालच्या खोलीत मात्र छतावरून लोखंड घासल्यासारखा घुमतो. म्हणून वरच्या माणसाला ‘तुम्ही आवाज करता’ म्हटले की तो मनापासून म्हणतो, ‘छे हो, आमच्याकडे तर काहीच नसतं!’ तो खोटे बोलत नसतो. त्याला तो आवाज खरोखरच तसा ऐकू येत नाही.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. आमच्या डोक्यावर रोज रात्री पावणेअकराच्या सुमारास घर्रर्र असा आवाज होई आणि पहाटे पुन्हा एकदा. काही महिने मी चिडत राहिलो. वर जाऊन विचारले नाही. सरळ सोसायटीला पत्र लिहिले. सेक्रेटरींनी ते सभेत सर्वांसमोर वाचून दाखवले. तेव्हा कळले, की वर एका खोली-स्वयंपाकघरात सहा माणसे राहतात. दिवसा बसायला जागा हवी म्हणून म्हाताऱ्या वडिलांची लोखंडी कॉट भिंतीला लावलेली असते. सगळ्यांची जेवणे उरकली, भांडी आवरली, की ती मध्ये ओढायची. दुसऱ्याच दिवशी त्या गृहस्थांनी कॉटच्या पायांना रबराची बुटे बसवली आणि आवाज थांबला. चार बुटांचा खर्च तो काय! पण त्यानंतर जिन्यात समोरासमोर आलो की त्यांची मान वळायची. दोन वर्षे ती तशीच वळलेली राहिली. पुढे पाण्याच्या टाकीच्या कामात आम्हा दोघांना एकत्र राबावे लागले, तेव्हा कुठे बोलणे सुरू झाले. पत्र लिहिण्याऐवजी तीच बुटे घेऊन मी वर गेलो असतो, तर एका संध्याकाळीच काम झाले असते.

त्यातून शिकलेल्या दोन-चार गोष्टी. आवाज चालू असताना दार वाजवू नये, कारण त्या वेळी आपण रागात असतो आणि समोरचा गडबडीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किंवा रविवारी सकाळी जावे. एकट्याने जावे, शिष्टमंडळ नेऊ नये. मागचे सारे हिशेब काढू नयेत. आवाज एक, वेळ एक आणि विनंती एक. ‘वहिनी, रात्री अकराच्या सुमाराला काही सरकवता का हो? आमच्या खोलीत फार घुमतं,’ एवढे पुरे. आणि उपाय आपणच सुचवावा. खुर्च्या-टेबलांना रबरी बुटे, मिक्सर आणि घरघंटीखाली जाड रबराचा तुकडा, मुले खेळतात तिथे सतरंजी, टीव्ही सामाईक भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीला. यातले काहीच महाग नाही.

आपल्या बाजूनेही थोडे करता येते. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज मात्र फारसा अडत नाही. त्यापेक्षा खिडकीच्या आणि दाराच्या फटी रबरी पट्टीने बुजवल्या तर अधिक उपयोग होतो. हवा जिथून शिरते तिथूनच आवाजही शिरतो.

काही आवाजांची तक्रार करूच नये. तान्ह्या बाळाचे रडणे, आजाऱ्याचे खोकणे, पहाटे डब्यासाठी वाजणारी कुकरची शिट्टी. काही आवाजांची वेळ ठरवून घ्यावी. डोंबिवलीत किंवा ठाण्यात कुठल्याही इमारतीत तबला, पेटी, गाणे शिकणारे एखादे मूल असतेच. त्याचा रियाज बंद पाडणे हा उपाय नव्हे. त्याचा रियाज सहा ते सात आणि शेजारच्या दहावीतल्या मुलीचा अभ्यास सातनंतर, असे दोन घरांत ठरू शकते. फरशी कापणे, भिंत फोडणे अशा कामांसाठी सोसायटीने तास नेमून द्यावेत आणि दुपारी दोन तास काम बंद ठेवावे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इतर सभासदांना उपद्रव होईल असे वर्तन घरात करू नये, असे कलम आहेच. बोलून उपयोग झाला नाही तर लेखी तक्रार जरूर द्यावी. फक्त ती पहिली पायरी नसावी. आणि आपल्याकडे कार्य असेल, तर आदल्या दिवशी शेजारी सांगून यावे. आधी सांगितलेला आवाज अर्धा होतो.

आता दुसरी जात, ध्वनिक्षेपकाची. इथे गोड बोलण्याला मर्यादा आहेत. नाचणाऱ्या दोनशे माणसांसमोर रात्री साडेअकराला एकट्याने जाऊन विनंती करणे शहाणपणाचे नाही, कधी कधी ते धोक्याचेही ठरते. इथे कायदा आपल्या बाजूला आहे आणि तो आपल्याला नीट माहीत हवा.

केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम फेब्रुवारी २००० पासून लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. डेसिबलचे गणित थोडे फसवे असते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहा पट झाली. रात्री ४५ च्या जागी ७५ भरले, तर ती हजार पट झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत रात्रीच्या आवाजाची घराबाहेरची पातळी ४० डेसिबलपर्यंतच असावी असे म्हटले आहे. ५५ च्या वर रोज रात्री आवाज राहिला तर हृदयविकाराचा धोका वाढतो, असेही त्यात सांगितले आहे. म्हणजे हा नुसता चिडचिडीचा प्रश्न नाही.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. कोणते दिवस, ते जाहीर होते. तक्रारीआधी तेवढे पाहून घ्यावे. घरातल्या किंवा खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेलाही नियम आहे. त्या जागेच्या हद्दीवर तिचा आवाज परिसराच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक असता कामा नये. म्हणजे शेजाऱ्याचा होम थिएटर रोजच कानठळ्या बसवू लागला आणि शब्दांचा उपयोग होईना, तर तोही या नियमात येतो.

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावर मोठा निकाल दिला. त्यामागच्या याचिकेत एका तेरा वर्षांच्या मुलीची हकीकत होती. तिच्यावर अत्याचार होत असताना तिने मदतीसाठी फोडलेल्या किंकाळ्या शेजारच्या ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात कोणालाही ऐकू गेल्या नाहीत. आपल्या घरात शांतपणे राहण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि नको असलेला आवाज कोणावर लादता येत नाही, हे न्यायालयाने त्या निकालात स्पष्ट केले.

पण दिल्लीतला निकाल आपल्या गल्लीत आपोआप येत नाही. तो आणावा लागतो. ते काम ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी केले. डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. उत्सवांतला आवाज आणि रस्ते अडवणारे मंडप, हा तिचा विषय. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०१६ मध्ये, न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, कोणत्याही धर्माला या नियमातून सूट नाही आणि अंमलबजावणी ही पोलिसांची जबाबदारी आहे, असा त्याचा गाभा. पोलिसांकडे आवाज मोजण्याची यंत्रे असावीत, याचाही न्यायालयाने आग्रह धरला.

तक्रार केली तर आपले नाव कळेल, ही आपली खरी भीती. उद्या त्याच गल्लीत राहायचे असते, मुलांना त्याच मैदानावर खेळायचे असते. ही भीती खोटी नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला परिसरातील रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना तिची दखल घेतली. तक्रारदाराची ओळख उघड करू नये आणि त्याच्या ओळखीची खातरजमा करत न बसता कारवाई करावी, असे पोलिसांना सांगितले. पहिल्यांदा समज, पुन्हा घडल्यास दंड आणि तरीही न थांबल्यास ध्वनिक्षेपक जप्त, असा क्रमही दिला. तेव्हा खाली उतरून वाद घालू नका. ११२ क्रमांकावर फोन करा. ठिकाण, वेळ आणि आवाज कशाचा आहे ते नेमके सांगा, नाव गुप्त ठेवायला सांगा आणि फोन केल्याची वेळ लिहून ठेवा. मोबाइलवरचे डेसिबलचे आकडे अंदाजापुरते असतात. अधिकृत मोजणी पोलिसांच्या यंत्राचीच.

यावर कोणी म्हणेल, मग सण साजरे करायचेच नाहीत का? जरूर करायचे. १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि तिचे अनुकरण गावोगावी झाले. ती यात्रा सकाळी निघते. ढोल-ताशे वाजतात, लेझीम रंगते, फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि तरी कोणाची रात्र मोडत नाही. उत्साह आणि रात्रीची झोप यांचे वैर नाही. ते आपण लावून दिले आहे.

शेवटी एक छोटी विनंती. आतापर्यंत आपण सगळे दुसऱ्यांच्या आवाजाबद्दल बोललो. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, हेही आताच पाहिले. तेव्हा या आठवड्यात एकदा खालच्या मजल्यावर उतरा, दार वाजवा आणि विचारा, ‘काका, आमच्या घरातला काही आवाज तुम्हाला त्रास देतो का?’ उत्तर ऐकून कदाचित ओशाळायला होईल. पण पुढे कधी तुम्हाला वरच्या मजल्याचे दार वाजवावे लागले, तर काय आणि कसे बोलायचे, हे तुम्हाला नेमके कळलेले असेल.