आधी लाइन बंद, मग गज वर
(पातूर येथील बैठकीतील भाषण)



कापूस वेचून झाला, ज्वारी घरी आली, की आपल्याकडं बांधकामं निघतात. विहीर, गोठा, घरकुलाचा स्लॅब. ज्यांना वावरात काम उरत नाही ते सेंट्रिंगवर जातात. म्हणून तारेखालच्या कामाचा विषय आपल्या घरचाच आहे.

हिशेब साधा आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी वावरातून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या उघड्या तारेची उंची किमान ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट ठरवली. २०१० च्या नियमांतही तोच आकडा राहिला. लोखंडी पाइप येतो २० फुटांचा, गज ४० फुटांचा. म्हणजे तार नियमात असली तरी उभा केलेला पाइप तिला भिडतो. लोंबलेल्या तारेचं तर विचारूच नका. आणि ११ हजारांची वीज अगदी जवळ आलेल्या लोखंडावर न टेकताही झेप घेते.

"आता लोडशेडिंग आहे, लाइन बंदच आहे," हे बोलणं सर्वांत घातक. गावठाणाचं फीडर वेगळं, शेतीचं वेगळं. गावात अंधार म्हणून वावरातली तार मेली असं होत नाही. डीपीवरचा डीओ पाडला तर डीपीच्या पुढची वीज जाते. वरची ११ हजारांची तार जिवंतच राहते.

मग आम्ही काय सांगतो? काम काढणाऱ्यानं महावितरणकडं आधी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. लाइन बंद करून, अर्थिंग करून लाइनमन हो म्हणेपर्यंत गज उचलू नये. पाइप आडवेच न्यावेत. तारेपासून १० फुटांच्या आत परांची, बोअरची गाडी, उचललेला टिपर, काहीच नको. गाडी तारेला लागलीच तर चालकानं आतच बसावं, बाकीच्यांनी लांब राहून १९१२ ला फोन करावा. गाडीनं पेट घेतला तरच, गाडीला न धरता, दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय जुळवूनच दूर सरकावं.

अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, "तो तारेखाली गेलाच कशाला?" मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. पोच घेतलेला अर्ज देतो. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन झालं, महावितरण कंपनी आली. अर्जावाचून तेव्हाही कोणी हललं नाही, आजही हलत नाही. गावोगाव लोंबलेल्या तारांची, वाकलेल्या खांबांची यादी करू, ग्रामसभेचा ठराव जोडू, एक प्रत विद्युत निरीक्षकांना देऊ. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावाची यादी घेऊनच या.